मोरी होऊन राहिली

नागपुरात इतवारीच्या धान्यबाजारात नव्या तांदळाची पोती उतरायला लागली की माझं बूड खुर्चीला टेकत नाही. तसं ते एरवीही फारसं टेकत नाही. माय म्हणायची, "ह्या पोराच्या पायाले दावंच लावा लागते." आणि सरकारनं मला नेमकी बसायची नोकरी दिली. रस्ते खात्याच्या कचेरीत नकाशे गिरवायचे. मान खाली, समोर ट्रेसिंगचं कापड, हातात शाईचं पेन, आणि हात जरा हलला की दिवसाचं काम वाया. दिवाळीपर्यंत हे कसंबसं जमतं. मग एक दिवस डाळ आणायला म्हणून इतवारीत जावं, तर टेम्पो आणि हातगाड्या एकमेकांत अडकलेल्या, हमालांची शिवीगाळ चाललेली, आणि फाटक्या पोत्यातून सांडलेल्या नव्या तांदळाचा तो किंचित दुधाळ, किंचित मातकट वास. संपलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी रेघ वाकडी येते.

हा वास मला भंडारा रोडवर नेऊन सोडतो, माझ्या थोरल्या बहिणीच्या खळ्यावर. आम्ही कुहीकडचे, धानाच्या मुलखातले. ताईला दिली तीही धानाच्याच गावात. फरक एवढाच की त्या गावाला चिकटून मुंबईहून कलकत्त्याला जाणारा हमरस्ता जातो. ताईचं सासर रस्त्याच्या अलीकडे आणि शेत पलीकडे. लग्न ठरलं तेव्हा बाबांना याचंच कोण अप्रूप. "एसटी दारात थांबते," असं ते चार लोकांत मुद्दाम सांगायचे. ज्या दारात एसटी थांबते त्या दारावरून न थांबणाऱ्या गाड्याही जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आमच्या कुणाच्याच आलं नाही.

कापणी सुरू झाली की ताईचा दिवस रस्ता ओलांडण्यात जायचा. पहाटे विळा घेऊन पलीकडे, दुपारी भाकरी न्यायला अलीकडे, संध्याकाळी धानाचे भारे लादलेली बंडी घेऊन परत अलीकडे, कारण खळं घरामागे. भिलाईचं लोखंड घेऊन येणारे ट्रक, संत्र्यांच्या पेट्या घेऊन जाणारे ट्रक, मधेच एखादी रिकामी लॉरी रस्ता बापाचा असल्यासारखी उधळलेली. बैल डांबरावर पाय ठेवायला कचरायचे. ताई त्यांच्या पुढे उभी राहून दोन्ही हात पसरायची आणि मग बंडी एकदाची पार व्हायची. गावातले काही जण त्याच डांबरावर धान वाळत घालायचे. वरून चाकं गेली तर मळणीही फुकटात, असा हिशेब. ड्रायव्हर हॉर्न मारायचे, गावकरी शिव्या द्यायचे, आणि त्या सगळ्या कालव्यात कुणालाच काही गैर वाटत नसे. मग एका हंगामात ताईचा उजव्या जुवाचा बैल ट्रकनं उडवला, आणि तेव्हापासून दिरानं धोशा लावला की पलीकडचं शेत रस्त्याकडेला जागा शोधणाऱ्या एका ढाबेवाल्याला विकून टाकू. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, स्वभावानं इतके गरीब की समोरचा जे म्हणेल ते त्यांना पटायचं. दिराचं पटायचं, बायकोचंही पटायचं. शेत टिकलं होतं ते एकट्या ताईच्या हट्टावर.

मी सांगतोय तो हंगाम सत्तर सालानंतरचा, माझ्या नोकरीच्या सुरुवातीचा. आमचे नवे इंजिनियर दाते साहेब पुण्याहून बदलून आले ते दसऱ्याच्या सुमारास. गोरे, सडपातळ, डोक्यावर खाकी टोपी, बोलणं स्वच्छ आणि प्रत्येक वाक्य पूर्ण. त्यांच्याकडे एकच काम होतं: या रस्त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या सुधारणेची उद्दिष्टं ठरवायची आणि तो आराखडा मुंबईला पाठवायचा. कारभार मराठीत व्हावा असा वरून आग्रह होता, आणि साहेबांना तर तो मनापासून होता. 'उद्दिष्ट' हा शब्द ते असा उच्चारायचे की त्यातलं प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं वाटे.

वीस वर्षं! मला तेव्हा पुढच्या महिन्याचं सांगता येत नव्हतं. नोकरी तात्पुरती, लग्नाचं बोलणं होता होता फिसकटलेलं, जरीपटक्यात सिंधी घरमालकिणीकडे एक खोली, आणि पापड लाटता लाटता तिचा ठरलेला सवाल, "शादी कब करेगा?" मी चहासुद्धा उभ्यानं प्यायचो. असा माणूस सकाळी टेबलावर वाकून वीस वर्षांनंतरचा रस्ता गिरवतो याचं माझं मलाच हसू येई. नकाशावर रस्ता किती शहाणा असतो. त्यावर धूळ नसते, हॉर्न नसतो, बैल नसतो. मी रेघ ओढता ओढता खिडकीबाहेर बघायचो आणि मला वाटायचं, उठावं आणि कुठलातरी ट्रक पकडून या रेघेवरून निघून जावं.

साहेबांनी गावोगाव फिरून लोकांना विचारायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. जीपमध्ये नकाशाची गुंडाळी धरून बसायला कुणीतरी लागत होतं. त्या महिनाभरात मी जेवढा हिंडलो तेवढा पुढे कधी हिंडलो नाही. दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं, मधेच राहिलेला एखादा पिवळा तुकडा, त्यावर पोपटांचा थवा, आणि ऊन असं कोवळं की टोपी नको वाटावी. साहेब प्रत्येक मैलाच्या दगडापाशी थांबायचे, काही ठिकाणी त्याच्या शेजारीच नवा किलोमीटरचा दगड असायचा. दोन्ही दगडांवर नागपूर वेगवेगळ्या अंतरावर. ते बघून मला उगीच बरं वाटायचं.

ताईच्या गावची सभा तिच्याच खळ्यावर भरली, कारण तिथं शेणानं सारवलेली मोकळी जागा होती. धानाचे भारे रचलेले, पुरुष मंडळी त्यांना टेकून बसलेली, बायका कडेला. साहेब उभे राहिले.

"पुढच्या वीस वर्षांत ह्या रस्त्यात काय सुधारणा व्हाव्यात, ते तुम्ही सांगायचं. त्यातून आपण उद्दिष्टं ठरवू."

तो शब्द खळ्यावर पडला आणि कोंबड्यांनीसुद्धा टिपला नाही.

"उद्दिष्ट म्हंजे काय जी?" ताईनं विचारलं.

"म्हणजे जे व्हावं असं आपल्याला मनापासून वाटतं, ते."

"मंग नवस म्हणा ना जी."

हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांना मुद्दा सोडवेना. "नवस आपण देवाला बोलतो, बाई. हे सरकारला सांगायचं आहे."

"त्याईले बी आठवण द्या लागते अन् ह्याईले बी," ताई म्हणाली.

त्यानंतर लोक बोलायला लागले. एका म्हाताऱ्याला रस्ता शेजारच्या गावावरून जायला हवा होता, त्या गावाशी त्याचं जुनं वैर होतं. कुणाला एसटीचा थांबा आपल्या पानठेल्यासमोर पाहिजे होता. साहेब सगळं शांतपणे लिहून घेत होते. मग ताई पुढे आली.

"मले वीस वर्साचं नाई समजत. माही बंडी ह्या रस्त्याच्या खालून जाऊ द्या. भाऱ्यासकट."

रस्त्याखालून नाल्याचं पाणी जावं म्हणून जो लहानसा पूल असतो त्याला आमच्या खात्यात मोरी म्हणतात. गावाच्या वेशीला अशी एक जुनी मोरी होती, म्हणजे नावाला एक नळ, त्यातून कुत्रंसुद्धा वाकून जायचं. ताईचं म्हणणं, तिथंच मोठी मोरी बांधा, पावसाळ्यात पाणी जाईल, बाकी वर्षभर गाव जाईल. साहेबांचा चेहरा असा उजळला की बस. त्यांनी लादलेल्या बंडीशेजारी बांबू उभा करायला लावला, उंचीवर खूण केली, स्वतः बंडीभोवती फिरून आले. "हे खरं उद्दिष्ट!" ते मला म्हणाले. तिथल्या तिथं त्यांनी ते कागदावर घेतलं आणि मी नकाशावर पेन्सिलीनं एक गोल काढला. दीर मागे उभा होता. त्यानं सगळ्यांदेखत ताईला ऐकवलं, "मोरी मंजूर झाली त वावर राहू दे. नाई त ढाबेवाल्यासंग सौदा पक्का, मंग बोलू नोको." ताईनं मान हलवली. एवढ्या सहज हलवली की मलाच धस्स झालं.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते तळपायांत मुंग्या आल्यासारखे. मी ऑफिसात दुसरं काही गिरवत असलो तरी डोळा त्या गोलाकडे जायचा. रात्री झोपेत ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे. दोन रविवार ताईकडे गेलो, तर ती मला काही विचारेना. धान पाखडत होती. सूप हलायचं, कोंडा उडायचा, तिच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या. मी विचारलं, "तुले काई वाटत नाई का वं?" तर म्हणाली, "तू बस न गा एका जागी. तुले पाहून बैलं बिथरून राह्यले."

मग मला मोजणीच्या तुकडीबरोबर भंडाऱ्याच्या बाजूला धाडलं. मी परतलो तेव्हा आराखडा मुंबईला रवाना झाला होता. ऑफिसात राहिलेल्या प्रतीवरून बोट फिरवत मी ताईच्या गावापाशी आलो, तर तिथं गोल नव्हता. खोडलेला होता.

झालं होतं ते असं. शेवटच्या बैठकीत साहेबांनी एकेक काम वाचलं आणि त्या भागाचे ओव्हरसियर चकोले यांना विचारलं, "आणि त्या मोरीचं काय?" चकोले आमच्या भागातले, मोठ्या दिलाचे, सरळ मनाचे. पावसानं फुटलेलं जुन्या नळाचं तोंड गवंडी त्या आठवड्यात सिमेंटनं लिंपत होते. चकोलेंना वाटलं साहेब त्याचंच विचारतायत. ते उभे राहून म्हणाले, "होऊन राहिली, साहेब." साहेब खूश झाले. "वा! झालेल्या गोष्टीचं कसलं उद्दिष्ट?" म्हणाले, आणि लाल पेन्सिल फिरवली. चकोलेंनाही वाटलं, साहेब खूश आहेत, चांगलंच झालं.

आमच्याकडे एखादी गोष्ट होऊन राहिली म्हणजे ती होते आहे. पाऊस येऊन राहिला म्हणजे छत्री उघडा. पुण्याच्या कानाला मात्र 'होऊन राहिली' हे 'एकदाची झाली' असं लागतं. दोघंही मराठीच बोलत होते, दोघंही खरं बोलत होते, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत माझ्या बहिणीची मोरी पडली. इंग्रजीत बोलले असते तर वाचली असती. हे तेव्हा मी रागानं म्हणालो होतो, आणि अजूनही रागानंच म्हणतो.

मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि त्यांना काळ समजावून सांगायला लागलो, शाळेतल्या मास्तरासारखा. "साहेब, तुम्ही जेवून राहिलात म्हणजे तुमच्या तोंडात अजून घास आहे." ते आधी हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि ते खाली बसले. त्याच दिवशी त्यांनी मुंबईला लिहिलं. उत्तर यायला धानाची मळणी उलटली, आणि उत्तर आलं ते असं की पुढील आराखड्याच्या वेळी या सूचनेचा विचार करता येईल.

साहेब मोठा माणूस, त्यांना मलाच गावी पाठवता आलं असतं. ते स्वतः निघाले. जीपमध्ये वाटभर ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. खळ्यावर ताई गवताचा सुंभ वळत बसली होती, भाऊजी खाटेवर, दीर विडी ओढत. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिला समजावं म्हणून, तिच्याच बोलीत, अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमची मोरी राहून राहिली."

'राहून गेली' असं त्यांना म्हणायचं होतं. ताईनं सुंभ वळणं थांबवलं. "राहून राह्यली? कुठी राहून राह्यली जी? सासरी का माहेरी?"

भाऊजी खाटेवरून पडायचे बाकी राहिले. दीर ठसका लागेपर्यंत हसला, मीही हसलो, साहेबांना काही कळेना आणि तेही आमच्याबरोबर हसायला लागले. ताई तर पदर तोंडाला लावून डोळे पुसत होती. एवढं हसणं त्या खळ्यावर त्या वर्षी दुसऱ्या कशानं झालं नाही. मग ते ओसरलं. आणि साहेबांनी नीट, आपल्या भाषेत, सगळं सांगितलं.

ताईनं ऐकून घेतलं. "म्हंजे वीस वर्स नाई?"

"मी प्रयत्न करीन," साहेब म्हणाले.

ती रस्त्याकडे बघत राहिली. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग दिराकडे न बघता म्हणाली, "रस्ता सरकत नाई, वावर सरकत नाई. मंग घरच तिकडं न्या लागन."

दिराला वाटलं ही अजून थट्टेतच आहे. पण दुसऱ्या दिवशी तिनं पलीकडे शेताच्या कोपऱ्यात चार मेढी रोवल्या. उन्हाळ्यापर्यंत भिंती उभ्या राहिल्या, मातीच्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. मी सुट्टी काढून माती तुडवायला गेलो, आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात माझ्या पायांना जे सुख मिळालं ते पुन्हा कधी मिळालं नाही. भाऊजी महिनाभर इकडच्या घरी जेवायचे, तिकडे झोपायचे. मग एका सकाळी त्यांनी आपली खाट डोक्यावर घेतली, दोन्हीकडे बघितलं आणि रस्ता पार केला. भावाचा संसारच जिथं उभा राहिला ते शेत दिराला विकता येईना. ढाबेवाल्यानं पुढच्या गावात जागा घेतली.

पण गाव अलीकडेच राहिलं. विहीर, देऊळ, हळदीकुंकवाच्या बायका, भजनाचे टाळ, सगळं अलीकडे. लहानगी कुंदा, ताईची एकुलती एक मुलगी, शाळेत जायची ती भाऊजींचं बोट धरून. सुरुवातीला ताई सांजेला रस्त्याकडेला येऊन उभी राहायची आणि समोरच्या बायकांशी ओरडून बोलायची. दोन ट्रकांच्या मधे जेवढं बसेल तेवढं बोलणं. पुढे आराखड्यातली कामं खरोखर होत गेली. रस्ता रुंद झाला, वळणं सरळ झाली, खड्डे बुजले, बाजूपट्ट्या आल्या. मी ते सगळं गिरवलं आहे, आणि चांगलं गिरवलं आहे. नागपुरात माणसं भेटली की म्हणतात, आता भंडाऱ्याला जाताना कळतसुद्धा नाही. हो, कळत नाही. दोन ट्रकांमधली फट मात्र अशी आकसत गेली की बायकांचं ओरडून बोलणं बंद पडलं. आता त्या नुसता हात हलवतात. दाते साहेब केव्हाच बदलून गेले. जायच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "घर पूर्ण झालं का हो तुमच्या बहिणीचं?" मी म्हणालो, "झालं, साहेब." एवढ्यावर त्यांचं समाधान होईना, त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

माझं लग्न झालं, नोकरी कायम झाली, केस कानाशी पांढरे झाले. बसवत अजूनही नाही. या वर्षी पुन्हा वीस वर्षांची उद्दिष्टं ठरवायची टूम निघाली आहे. मोरी पहिल्या पानावर आहे. मी रोज जाऊन बघून येतो.

आणि या हंगामात कुंदाचं लग्न झालं. मुलगा समोरच्याच गावातला, शाळेत तिच्या पुढे दोन वर्षं असलेला. चांगली स्थळं लांबून आली होती, पण ताईनं हेच पक्कं केलं. "रोज दिसन मले," म्हणाली. मांडव पलीकडे, तिच्या अंगणात पडला. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, धान घरात आलेलं, दुपारचं ऊन मऊ. लग्न लागलं, जेवणं झाली, बिदाईची वेळ आली. नवरी घेऊन वऱ्हाड पायीच निघालं, एवढ्याशा अंतराला गाडी कशाला? पोरांनी पुढे होऊन लाल पागोटं हलवत दोन्हीकडचे ट्रक थांबवले. एका सरदारजी ड्रायव्हरनं तर इंजिन बंद केलं, खाली उतरून हात जोडले. त्या रस्त्यावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नवरीच्या जोडव्यांचा आवाज डांबरावर ऐकू येत होता. ताई निम्म्यापर्यंत गेली, तिथं कुंदाच्या गळ्यात पडली, आणि मग मागे फिरली.

वऱ्हाड पार झालं. ड्रायव्हर चढले, इंजिनं धडधडली, आणि खोळंबलेली सगळी रांग एकदम सुटली. ताई काठावर टाचा उंचावून उभी. समोर वेशीत कुंदावरून भाकर ओवाळून टाकत असतील, तिचं पिवळं लुगडं कुठंतरी तिथंच असेल. धूळ, टायर, ताडपत्री. एक पिवळा ठिपका चमकल्यासारखा वाटला आणि झाकला गेला. ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"दिसून राह्यली का गा तुले?"

मी तिच्यापेक्षा उंच आहे. बाजूपट्टीवरच्या खडीच्या ढिगावर चढून मी मान लांब केली.

"थांब वं, एवढा ट्रक जाऊ दे," मी म्हणालो. त्याच्यामागे दुसरा येतच होता.